'समथिंग एल्स': एका गाण्यासाठी घेतलेली एलपी

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील: 'समथिंग एल्स' ही जॅझची एलपी घ्या. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं 'ऑटम लीव्हज' जवळपास ११ मिनिटांचं आहे. मी पैसे मोजले ते त्याच्यासाठी. बाकीची चार गाणी वरकड मिळाली असं धरून चालले आहे, आणि त्यातलं एक तर फारच चांगलं निघालं.

मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवते. गणपती, कोजागिरी, कुणाची साठीशांत, सोसायटीचा सत्यनारायण, जिथून बोलावणं येईल तिथे. त्यामुळे हे परीक्षण जॅझच्या जाणकाराचं नाही. रात्री अकराला हार्मनीचा आवाज वाढवा म्हणणाऱ्या निवेदकाशी भांडणाऱ्या बाईचं आहे. पण 'ऑटम लीव्हज' हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या बोटांखालून एकदा तरी गेलेलं गाणं. हॉटेलच्या लॉबीत, लग्नाच्या रिसेप्शनला जेवणं चालू असताना, पाहुण्यांना बोलता येईल इतपत हळू. ते कुणाचं आहे, कुठून आलं, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे. मुळात ते फ्रेंच आहे हे सांगितल्यावर आमचा ढोलकीवाला म्हणाला, "ताई, मला वाटलं ते लिफ्टचं आहे."

आता माल. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या नावावरची ही 'ब्लू नोट' कंपनीची रेकॉर्ड, ९ मार्च १९५८ ला न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी मुद्रित झालेली. मी घेतली ती हल्लीची 'क्लासिक व्हाइनिल' मालिकेतली १८० ग्रॅमची प्रत, केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून मास्टर केलेली. साडेतीन हजारांच्या आसपास पडली. ज्या ऑनलाइन दुकानातून मागवली त्यांनी नुसत्या पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवली, त्यामुळे कव्हरचा एक कोपरा दुमडून आला. तबकडीला काही झालं नव्हतं म्हणून परत पाठवायच्या फंदात पडले नाही. कव्हरवर फोटो नाही, नुसती अक्षरं आहेत. रीड माइल्सने केलेली ही मांडणी आजही शिळी वाटत नाही. आमच्या कार्यक्रमांच्या फ्लेक्सवर बारा चेहरे आणि आठ रंग कोंबणाऱ्यांनी ती जरूर बघावी.

'ऑटम लीव्हज'चं मूळ सांगितल्याशिवाय ही तबकडी नेमकं काय करते ते कळणार नाही, म्हणून थोडं मागे जाते.

जोझेफ कोस्मा हा बुडापेस्टचा ज्यू संगीतकार. १९३३ साली पॅरिसला आला. तिथे कवी झाक प्रेव्हेरशी गाठ पडली आणि दोघांची जोडी जमली. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर कोस्माला उघडपणे काम करायला बंदी झाली. दक्षिणेत लपून राहायचं, प्रेव्हेर आणि मित्रांच्या आधाराने चोरून चाली करायच्या, पडद्यावर नाव दुसऱ्याचं, असे दिवस त्याने काढले. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये रोलाँ पेतीच्या 'ल राँदेव्हू' या बॅलेसाठी त्याने संगीत दिलं. कथा प्रेव्हेरची होती आणि पडदा पिकासोचा. त्या बॅलेतली एक चाल पुढच्याच वर्षी मार्सेल कार्नेच्या 'ले पोर्त द ला न्वी' या चित्रपटासाठी काढली गेली आणि प्रेव्हेरने तिच्यावर शब्द बसवले. गाण्याचं नाव 'ले फेय मॉर्त', म्हणजेच आपलं 'ऑटम लीव्हज'.

त्या चित्रपटात खरं तर मार्लेना डीट्रिश आणि झाँ गाबँ असायचे होते. दोघेही बाहेर पडले आणि नायकाचं काम ईव्ह मोंताँ या पोरसवदा गायकाला मिळालं. चित्रपट सपशेल पडला. गाणंही त्यात सलग येत नाही, तुकड्यातुकड्याने येतं, कुणी गुणगुणतं, सोडून देतं. पण पडलेल्या चित्रपटाचं गाणं चालणं आपल्याला नवीन नाही. पुढे मोंताँ ते रंगमंचावर आयुष्यभर गायला. माझ्या मते आजही हे गाणं पहिल्यांदा ऐकायचं तर त्याच्याच आवाजात ऐकावं. फ्रेंच येण्याची गरज नाही. मला 'बाँझूर'च्या पुढे येत नाही.

याचं कारण एवढंच की मोंताँ गाण्याचा पहिला भाग गातो. मूळ गाण्याला ध्रुपदाआधी एक लांब, बोलल्यासारखा भाग आहे. आपल्याकडे गझलेआधी एखादा शेर नुसता सुरावर म्हणतात, साधारण त्या जातीचा. आपण सुखात होतो ते दिवस तुला आठवायला हवेत, अशी त्याची सुरुवात. गळून पडलेली पानं फावड्याने गोळा होतात, तशाच आठवणी आणि पश्चात्तापही. मग ध्रुपद येतं. तू माझ्यावर प्रेम करत होतीस, मी तुझ्यावर, पण आयुष्य प्रेम करणाऱ्यांना हळूच, आवाज न करता वेगळं करतं, आणि वाळूवरची पावलं समुद्र पुसून टाकतो. मोंताँ पहिला भाग जवळजवळ बोलतो. ध्रुपदाशी आल्यावर चाल एकदम वाहायला लागते, कारण आतापर्यंत ती आवरून धरलेली असते.

अमेरिकेत हे गाणं आलं तेव्हा जॉनी मर्सरने इंग्रजी शब्द लिहिले ते फक्त ध्रुपदाला. पहिला भाग गेला तो गेलाच. १९५० मध्ये गायिका जो स्टॅफर्डने ते 'कॅपिटॉल'साठी गायलं. ही कंपनी काढणाऱ्यांत मर्सर स्वतः होता. खिडकीबाहेरची लाल-सोनेरी पानं, उन्हाने रापलेले हात, आणि शिशिर लागला की तुझी आठवण, एवढंच इंग्रजीत उरलं. गोड आहे, नेटकं आहे. पण ज्या जगाने ते इंग्रजीत ऐकलं त्याने अर्धंच गाणं ऐकलं, आणि आम्ही लॉबीत वाजवतो तेही तेच अर्धं.

मग ते इतकं टिकलं कसं? चालीमुळे. वाजवणाऱ्यांसाठी जरा तपशिलात सांगते, बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पांढरी पाच मायनर धरा, या एलपीवर तीच पट्टी आहे. सूर आसावरी थाटाचे. पहिली ओळ: सा, रे, कोमल ग, आणि तिथून उडी कोमल ध वर, तिथे मुक्काम. दुसरी: मंद्रातला कोमल नी, सा, रे, आणि उडी पंचमावर. तिसरी: मंद्रातला कोमल ध, कोमल नी, सा, आणि उडी मध्यमावर. म्हणजे तीन पायऱ्या चढायच्या, एक उडी मारायची, थांबायचं, आणि पुढच्या वेळी हेच सगळं एक सूर खालून. दरवेळी वर जाऊनही चाल एकूण खालीच येत राहते. खालचे कॉर्ड बघा: पांढरी एक, पांढरी चार, काळी पाच, काळी दोन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि शेवटी घर, पांढरी पाच. प्रत्येक पाऊल षड्ज-मध्यम भावाचं, फक्त काळी दोनवरून पांढरी सहावर जाताना तीव्र मध्यमाएवढं. म्हणून तर तिथे पोटात किंचित हलतं. शेवटच्या वळणावर पांढरी दोनच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद डोकावतो आणि सा वर सोडून देतो. ही साखळी एकदा बोटांत बसली की शेकडो गाण्यांना पुरते. जॅझ शिकणाऱ्या मुलांना हे गाणं सुरुवातीलाच देतात ते उगाच नाही.

पण खरी गोष्ट त्या मुक्कामात आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब थांबलेला सूर आणि त्यानंतरची रिकामी जागा. या जागेचं कोण काय करतो यावर मी या गाण्याचं प्रत्येक रेकॉर्डिंग जोखते.

रॉजर विल्यम्सने १९५५ मध्ये ते पियानोवर वाजवलं. त्याची रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याने त्या जागा वरून खाली घरंगळत येणाऱ्या सुरांनी गच्च भरल्या. पानं गळताहेत हे दाखवायचं म्हणून वर्षभराची पानं एका मिनिटात पाडली. हात तयार आहे यात शंका नाही, पण एका ऐकण्यात माझं पोट भरतं. आम्ही वाद्यवृंदवाले विल्यम्सचेच वारस. गायिकेने श्वास घेतला की कीबोर्डने 'फिलर' टाकलाच पाहिजे, नाहीतर आयोजक विचारतात पैसे कशाचे घेता. नॅट किंग कोलचा आवाज १९५६ च्या जोन क्रॉफर्डच्या चित्रपटाला होता. मखमली, आणि जागा सोडणारा. फ्रँक सिनात्राने १९५७ च्या 'व्हेअर आर यू?' या एलपीत ते गॉर्डन जेंकिन्सच्या व्हायोलिनांसोबत फार संथ गायलं. सिनात्रा थांबतो, पण जेंकिन्सची व्हायोलिनं त्याला एकटं सोडत नाहीत. रडणाऱ्याच्या पाठीवर सारखा हात फिरवणारा नातेवाईक असतो ना, तसं होतं ते.

आणि मग ही तबकडी.

वाजवणारे पाच जण: अल्टो सॅक्सोफोनवर ॲडर्ली, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, पियानोवर हँक जोन्स, बेसवर सॅम जोन्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. ॲडर्ली मूळचा फ्लोरिडाचा. तिथे शाळेत बँड शिकवायचा. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि दोन-अडीच वर्षांत डेव्हिसच्या पथकात दाखल झाला. म्हणजे या तबकडीवर चक्क मालक नोकराच्या हाताखाली वाजवतोय. डेव्हिसचा करार तेव्हा 'कोलंबिया'शी होता. 'ब्लू नोट'च्या आल्फ्रेड लायनने पडत्या काळात त्याची ध्वनिमुद्रणं केली होती. ती जाण ठेवून तो दुसऱ्याच्या नावाखाली आला. नाव ॲडर्लीचं असलं तरी गाणी कशी उलगडायची यावर डेव्हिसचीच छाप आहे हे दोन मिनिटांत कळतं. दुसऱ्या बाजूला एका गाण्याच्या शेवटी त्याचा खरखरीत आवाजही ऐकू येतो. आल्फ्रेडला विचारतोय, हेच हवं होतं ना तुला?

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. ही एलपी त्या दिवाणखान्यातली आहे. परळ-दादरच्या स्टुडिओंची भाडी भरून दमलेल्या माझ्यासारखीला हे वाचून काय वाटतं ते विचारू नका.

सुरुवातीला गाणं येतच नाही. बेस आणि पियानोची एक घुटमळणारी, जराशी संशयी आकृती सुरू होते, वर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन छोटे फटकारे मारतात. हा आरंभ अहमद जमाल या पियानोवादकाच्या मांडणीवरून घेतलेला आहे. डेव्हिस जमालवर लुब्ध होता, आणि जमालकडून त्याने घेतलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. मग तो ठेका निवळतो आणि डेव्हिसचा ट्रम्पेट चाल धरतो. तोंडावर हार्मन म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, बसवलेला, त्याची मधली नळी काढून टाकलेली, भोंगा माइकला जवळजवळ टेकवलेला. आवाज बारीक पण टोकदार. सा, रे, कोमल ग, कोमल ध. आणि थांबला.

तिथे काहीच होत नाही. ब्लेकी, जो एरवी स्टेज हलवणारा, तो आवरून आहे. हँक जोन्स एखादा कॉर्ड ठेवतो, कधी तोही नाही. डेव्हिस ओळ सरळ म्हणतो, हरकती घेत नाही. कुठे एखादा सूर उशिरा ठेवतो, कुठे ओळीचं शेपूट तोडून टाकतो. माझ्या कानाला ते मोंताँच्या बोलल्यासारख्या गाण्याच्या फार जवळ जातं. इंग्रजी शब्दांत गळून गेलेला तो पहिला भाग शब्दांशिवाय इथे परत आला, असंच मला वाटतं. डेव्हिस १९४९ मध्ये पॅरिसला गेला होता तेव्हा ज्युलिएत ग्रेकोच्या प्रेमात पडला होता. ग्रेकोही हे गाणं गायची. या ध्वनिमुद्रणाच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १९५७ मध्ये, तो पुन्हा पॅरिसमध्ये एका चित्रपटाला संगीत देत होता. मी त्यावरून काही सिद्ध करत नाही. ऐकताना मात्र ते डोक्यातून जात नाही.

डेव्हिसनंतर ॲडर्ली येतो आणि दार धाडकन उघडतं. हा माणूस जेवून-खाऊन सुखी आहे. लांबलचक, गोल, तेल लावलेल्या ताना, मध्येच चर्चच्या गाण्याची झाक. त्याच साखळीवरून धावतो, पण कुठेही विल्यम्ससारखं भरताड होत नाही, कारण त्याला श्वास घ्यावाच लागतो. तो श्वास या प्रतीवर ऐकू येतो. मोबाइलवर ऐकताना मला तो कधी ऐकू आला नव्हता. मग पुन्हा डेव्हिस, मग हँक जोन्सचा छोटा, सभ्य तुकडा, पुन्हा चाल, आणि सुरुवातीची ती संशयी आकृती परत येऊन हळूहळू विरते.

माझ्या पहिल्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवणारे एक गोव्याचे अंकल होते. त्या पिढीतले बरेच गोवेकर दिवसा फिल्मी रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलांच्या बँडला, नोटेशन पेपरासारखं वाचणारे. हे गाणं मला त्यांनीच शिकवलं. मी दर ओळीमागची जागा सुरांनी भरत होते, तर म्हणाले, "बाय, तुझ्या पेटीला फुफ्फुसं नाहीत. तू घे श्वास. ओळ संपली की तोंडाने घे, मग बोटं आपोआप थांबतील." आजही स्टेजवर हे गाणं वाजवताना मी तोंडाने श्वास घेते. समोरच्यांना वाटतं मला धाप लागली.

ज्यांना पियानोच ऐकायचा आहे त्यांनी बिल एव्हान्सची २८ डिसेंबर १९५९ ची 'पोर्ट्रेट इन जॅझ' ऐकावी. तिथे बेसवादक स्कॉट लफारो मागे उभा राहत नाही, मध्येच बोलतो, पियानोचं वाक्य तोडतो, पॉल मोशनचे ड्रम्स दोघांत तिसरे. जागा आहेत, पण तिघांनी वाटून घेतलेल्या. माझ्या बुद्धीला एव्हान्स जास्त आवडतो. पुढे दीड वर्षात लफारो २५ व्या वर्षी मोटार अपघातात गेला, हे माहीत असल्यावर तो बेस नुसता चलाखी म्हणून ऐकता येत नाही. आणि गाणारीच हवी असेल तर इव्हा कॅसिडी. जानेवारी १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या 'ब्लूज ॲली' क्लबात ती हे गायली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. इंग्रजीत इतकं संथ गाऊन न रडणारी मी दुसरी ऐकली नाही.

एलपीच्या उरलेल्या भागाबद्दल थोडक्यात. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं 'लव्ह फॉर सेल' ठीक, वेगवान, मला फार चिकटलं नाही. दुसऱ्या बाजूचं शीर्षकगीत डेव्हिसचं, आणि त्यात ट्रम्पेट व सॅक्सचे चक्क सवाल-जवाब आहेत. ते मी आमच्या ढोलकीवाल्याला ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदा सरसावून बसला. 'वन फॉर डॅडी-ओ' हे ॲडर्लीचा भाऊ नॅट याचं, रमतगमत चालणारं. आणि शेवटचं 'डान्सिंग इन द डार्क', ज्याच्यासाठी मी वर 'फारच चांगलं' म्हटलं. तिथे डेव्हिस बाजूला होतो आणि ॲडर्ली एकटा प्रेमगीत गातो. यजमानाला शेवटी आपल्या घरात बोलायची संधी मिळते.

प्रतीबद्दल तक्रार म्हणाल तर पियानो. व्हॅन गेल्डरचा पियानो जरा डबीतून आल्यासारखा वाटतो, आणि कितीही चांगलं मास्टर केलं तरी ते मूळ टेपमध्येच आहे, जाणार नाही. माझा प्लेअर साधा, बेल्टवर चालणारा, स्पीकर जुने. तरी बेस स्पष्ट आणि म्यूटची धार कानात न घुसणारी. पृष्ठभागाची खरखर जवळजवळ नाही. मोबाइलवरच्या फाइलपेक्षा फरक आहे का? आहे, पण तो मुख्यतः त्या रिकाम्या जागांत आहे, जिथे खोलीची हवा ऐकू येते. तुमच्याकडे प्लेअर नसेल तर केवळ यासाठी घेऊ नका, चांगले हेडफोन लावून ऐका, ऐंशी टक्के मिळेल.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना गाणं म्हणजे शब्द, त्यांनी नको. जेवताना मागे लावायला काहीतरी हवं असेल तर विल्यम्स स्वस्तात मिळेल. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, घेतलीत तर पहिल्या ऐकण्यात कीबोर्ड उघडू नका. मला माहीत आहे हात शिवशिवतात. आधी मोंताँ ऐका, मग ही बाजू, मग हवं तर पांढरी पाच मायनर लावा. फिलरचा टोन बंद ठेवा.